पाळक आले नाहीत त्या रविवारी

दारव्ह्याहून फोन आला: गाडीची क्लच-वायर तुटली,
तुम्हीच कोणीतरी शास्त्रपाठ घ्या.
आम्ही अकरा माणसं. त्यातली चार लेकरं,
एक झोपलेलं.
अल्फोन्स गुरुजींना दमा. सेक्रेटरींना लग्नाला जायचं होतं.
मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत
माझ्या गळ्यातल्या टेपवर येऊन थांबल्या.
घरून निघताना काढायची राहून गेली होती.
"एझरा, तू बोल. तुले वाचता येते."

वाचता येतं. छातीची मापं, बाहीची मापं,
आणि त्या दिवशीचा पाठ: मोशे, मेंढरं, ते झुडूप,
जळतंय आणि जळून जात नाही.
वाचून झालं. पुस्तक मिटलं.
पुढं काय बोलायचं असतं ते पाळकांना ठाऊक.
वर पत्र्यावर एक चिमणी नखं वाजवत फिरत होती.

शेवटच्या चटईवर झुंबरबाई,
गीतांचं पुस्तक उलटं धरून, नेहमीसारखं.
तिला पाहिलं आणि मला एकदम सोले आठवले.

शलमोन बोअरच्या गाडीवर होता, तिकडे छत्तीसगडात.
रात्री-अपरात्री यायचा, म्हणून ओट्यावरचा बल्ब
मी कधी मालवायचो नाही.
मग तो पेटीत आला. बल्ब तसाच राहिला.
लोक आले, इयोबाच्या मित्रांसारखे,
चांगली चांगली वचनं घेऊन.
देवाची इच्छा, म्हणाले. देवाला फुलं आवडतात, म्हणाले.
मी मशीनवर चादर टाकली आणि भिंतीकडे तोंड केलं.
प्रार्थना? एकच केली, रागानं:
असशील तर ये. नाहीतर सांगून टाक.

कोणी आलं नाही.
झुंबरबाई आली,
टोपलंभर तुरीच्या शेंगा घेऊन.
टायरच्या चपला पायरीखाली काढल्या,
ओट्यावर टेकली, सोलत बसली.
ना वचन ना गीत. दाणे डब्यात पडायचे,
एखादी अळी निघाली की "हट व माय", एवढंच.
साडेनवाला उठायची, फोलपटं पदरात भरून.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.
एकदा मी दार लावून घेतलं. ती बाहेर सोलत राहिली.

किती दिवस, मोजले नाहीत.
पौष लागला होता, गार पडलं होतं,
आणि एका संध्याकाळी माझ्या हातात शेंग होती.
कधी उचलली, कोणी दिली, ठाऊक नाही.
शिवण उसवावी तशी ती उकलली.
आत पाच दाणे, हिरवे, एकमेकांना खेटून.
तेव्हा रडलो.
तिनं टोपलं जरासं माझ्याकडे सरकवलं.

वर्षभरानं कधीतरी विचारलं,
झुंबरमावशी, तुला देवानंच पाठवलं होतं ना?
ती हसली. पुढचे दोन दात नाहीत तिचे.
"मले कायले पाठवन तो?
सकायी बजारात सोले न्या लागे,
अन् माह्या घरची लाइन कापली व्हती, बिलापायी.
तुह्या ओट्यावर उजेड व्हता न, बाप्पा."

हे सगळं त्या रविवारी बोललो का मी?
छे. घसा कोरडा, हातात घडी केलेली टेप.
एवढंच म्हणालो, की झुडपाला माहीत नसावं
आपण जळतोय ते.
आणि खाली बसलो.
गुरुजींना वाटलं, पुढचं विसरलो.
दान गोळा झालं, एकशे चाळीस रुपये.
आमेन पुरतं व्हायच्या आधीच
झुंबरबाई झाडू घेऊन उभी:
"उठा न आता. मले झाडाचं हाये."